गुरुजींच्या धाकट्याचं स्टेअरिंग

अहो, ऐकलंत का? या की जरा भिंतीजवळ. मोठ्यानं नको बोलायला. आक्का, गुरुजींच्या मंडळी, ओट्यावर बसून हरभरा निवडायल्यात, आणि हात सुपात असले तरी कान इकडंच असतात त्यांचे.

गुरुजींच्या धाकट्यानं गाडीचं स्टेअरिंग बदललं. हो, त्याच गाडीचं, ती लाल पोलो, एमएच 12 पासिंगची, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. अहो नाही हो, मोडलं कुठं होतं! धडधाकट होतं, कंपनीचं होतं. ते काढून दुसरं बसवलं. आक्का मला म्हणाल्या, “अगं, पण त्याला आधीच एक होतं की!” आता यावर मी काय बोलणार? मी म्हटलं, “आक्का, हल्लीच्या पोरांचं काय...” आणि गप्प बसले. गप्प बसलं की माणसं जास्त सांगतात.

तर झालं असं, की या नव्या स्टेअरिंगच्या मागं दोन पट्ट्या आहेत. पॅडल शिफ्टर म्हणतात. उजव्या पट्टीवर अधिकची खूण, डावीवर उणेची. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. हात स्टेअरिंगवरच, दांडीला हात लावायला नको. आता तुम्ही म्हणाल, गाडी तर ऑटोमॅटिक आहे, गिअर आपोआप पडतात, मग पट्ट्या कशाला? गुरुजींनी अगदी हेच विचारलं. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “जे काम यंत्र करतं, ते पुन्हा हातानं करायला पैसे मोजायचे?” पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे. तोंडातल्या तोंडात “फील येतो, नाना” म्हणाला. नानांना कसला फील! 35 वर्षं झेडपीच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस.

पण आमची पुतणी आहे ना, तुळजापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाते ती, तिनं गुरुजींना बरोबर पकडलं. म्हणाली, “नाना, या गिअरबॉक्सात दोन क्लच असतात. एक विषम गिअरांचा, 1, 3, 5, 7. दुसरा सम गिअरांचा, 2, 4, 6. तिसऱ्यात गाडी चालू असताना चौथा आधीच जुळवून ठेवलेला असतो, म्हणून बदल कळतसुद्धा नाही.” सम-विषम ऐकलं आणि गुरुजी खुर्चीत सावरून बसले. “मग पाचव्यातून तिसऱ्यात यायचं असलं तर? दोन्ही विषम,” असं त्यांनी उलट विचारलं. पुतणी गडबडली. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटलं असणार.

किमतीचं तर विचारूच नका. पोरानं आईला सांगितलं 5 हजार. मित्राला सांगितलं 18. आणि बार्शीच्या जावयांनी दसऱ्याच्या जेवणात श्रीखंड वाढता वाढता पोटात शिरून काढून घेतलं, 25 हजार. आक्का पुरणाच्या ताटाजवळ उभ्या होत्या, हातातली वाटी तशीच राहिली. सोयाबीनला भाव नाही, अर्धं रान पावसानं झोपवलेलं, आणि इकडं 25 हजाराचं चाक. बोलल्या काहीच नाहीत. पण नंतर धाकट्याच्या पानात तूप पडलं नाही, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणि चाक तरी कुणाचं? नवं नाही हो. पुण्यात जुन्या गाड्यांचं सामान मिळतं तिथून आणलेलं. आक्कांच्या मनात लगेच पाल चुकचुकली, “अपघाताच्या गाडीचं असेल, त्या माणसाचं काय झालं असेल गं?” दोन दिवस जेवण गोड लागलं नाही त्यांना. शेवटी पुतणीनंच समजूत काढली. म्हणाली, “आक्का, समोरून धडकली असती तर यातला फुगा फुटला असता, मग हे विकायला आलंच नसतं. मागून ठोकर बसलेली गाडी असेल, माणसं सुखरूप असतील.” आक्कांनी तरी चाकावरून मिरच्या उतरवल्याच.

तर काय सांगत होते... हां, बसवायचं.

अष्टमीचा दिवस. खंडेनवमीला हत्यारं पूजायची, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालायची, त्याच्या आत चाक बसलं पाहिजे असा याचा हट्ट. सोलापूर रोडवरनं एक इलेक्ट्रिशियन पोरगा बोलावला. आयटीआय झालेला, शहाणा पोरगा. आला, वाकून बघितलं, आणि सरळ हात झटकले. “दादा, बोल्ट सोडायचा तर सोडतो. एअरबॅगला मी हात लावणार नाही.” बरोबर आहे की हो त्याचं! त्या मधल्या झाकणाच्या आत दारू भरलेली असते, फटाक्याची असते तशी. धडक बसली की सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात फुगा बाहेर. आपण डोळं मिटायच्या आत. तो पोराच्या नाकावर फुटला असता म्हणजे दसरा कुठल्या कुठं गेला असता.

पण याला कुठं थांबायचंय! “मी मोबाइलवर बघितलंय,” म्हणे. बघितलं होतं तेवढं केलं मात्र नीट, उगीच कशाला खोटं बोलू. पुढची चाकं सरळ ठेवली. बॅटरीची काळी वायर काढून ठेवली आणि लगेच हात घातला नाही, आधी चहा प्यायला, कारण वायर काढली तरी आत थोडा करंट साठून राहतो. मग स्टेअरिंगच्या मागच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग दाबली, खट् झालं, आणि तो मधला तुकडा हातात आला. पिवळा पिन काढला. आणि तो फुगा त्यानं ठेवला कुठं, सांगा बरं? आक्कांच्या देव्हाऱ्याशेजारच्या पाटावर! पुतणी ओरडली, “तोंड वर करून ठेव, पालथा ठेवू नको!” पालथा ठेवून फुटला तर रॉकेट होतो म्हणे. आक्का देवाच्या बाजूलाच बसलेल्या, त्यांचं तोंड पांढरं फटक.

मग मधला मोठा बोल्ट. तो काढताना गुरुजींनी स्वतः चाक धरलं. खुणेसाठी खडू पण त्यांनीच आणून दिला. शाळेतला एक डबा अजून आहे त्यांच्याकडं. दांड्यावर एक रेघ, चाकावर एक रेघ, म्हणजे नवं बसवताना वाकडं बसायला नको. बघा, तोंडानं नको नको म्हणत होते, आणि हात कुठं होता!

आता खरी गंमत पुढं आहे. चाक काढलं की त्याच्या मागं एक चपटी गोल डबी दिसते, क्लॉक स्प्रिंग. आत पट्टीसारखी वायर गुंडाळलेली असते, कारण चाक फिरतं आणि हॉर्नची, फुग्याची वायर तुटता कामा नये. ती डबी मधोमध असते, तशीच धरून ठेवायची. आमच्या गल्लीतलं ते बारकं पोरगं, नाव नको घ्यायला, त्याची आई भांडायला येईल, त्यानं ती डबी हातानं फिरवून बघितली. एकदा, दोनदा. कुणाचं लक्ष नाही. पुतणी तेवढ्यात आत पाणी प्यायला गेलेली.

बसवलं चाक. वायर जोडली. हॉर्न वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्कांनी दुसऱ्या दिवशी हळद-कुंकू वाहिलं, दोन्ही पट्ट्यांना पण, अधिकला आणि उणेला सारखंच.

दसऱ्याला सगळा गोतावळा अंगणात. बार्शीची लेक-जावई, लातूरच्या मावशी, समोरचे निवृत्त एसटी ड्रायव्हर काका, आमचे मालक, मी. धाकटा आत बसला, गाडी चालू केली, बाहेरच्यांना दिसावं म्हणून काच खाली केली, डावा पाय मोकळा सोडून ऐटीत म्हणाला, “बघा आता.” आणि उजवी पट्टी ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली. काही नाही. डावी ओढली. वाइपर सुद्धा हलला नाही. लातूरच्या मावशी मला हळूच म्हणाल्या, “झालं का गं?” मी काय सांगणार! पोराचं तोंड हळूहळू उतरत होतं, आणि गुरुजी तिकडं आकाशाकडं बघत होते. पुतणी पुढं वाकून म्हणाली, “दादा, कोडिंग केलंस का? स्टेअरिंगच्या मागच्या मॉड्यूलला पॅडल कळायला पाहिजे, आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला पण सांगावं लागतं. नुसतं चाक बसवून नाही चालत.” अहो, वीस जणांसमोर!

आणि तेवढ्यात जावईबापू. मी म्हणते, जावयानं अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण ते बार्शीचे. खिशातून चावी काढली, आपल्या ब्रेझाजवळ गेले, दार उघडलं. म्हणाले, “हे बघा, आमच्या ब्रेझात कंपनीतूनच आहेत हे पॅडल. नवी ब्रेझा आली ना 2022 ला, त्या ऑटोमॅटिकला देतातच.” सगळे वळले तिकडं. मग स्वतःच हसत हसत बोलून गेले, “दोन वर्षं झाली, एकदाही हात लावला नाही मी याला. मला वाटायचं, धरायला दिलंय.” लेकीनं पदरानं तोंड झाकलं. धाकट्याच्या चेहऱ्यावर तर... काय सांगू तुम्हाला. 25 हजार गेले ते एक, आणि ज्याच्याकडं फुकट होतं त्याला कळलंच नव्हतं ते वर.

तरी म्हटलं, आपट्याची पानं वाटून झाली, संपलं. कुठलं काय! सोनं द्यायला देवळात जायचं म्हणून यानं गाडी फाटकातून बाहेर काढली, स्टेअरिंग पूर्ण डावीकडं वळवलं, आणि आतून आवाज आला, कट्. लहानसा. पण सगळ्यांनी ऐकला. समोर एअरबॅगचा दिवा लागला आणि हॉर्न बंद. त्या बारक्या पोरानं डबी फिरवली होती ना, आतली वायर एका बाजूला संपली, ताण बसला, तुटली. फुग्याची वायर पण त्यातूनच. दिवा लागला म्हणजे धडक झालीच तर फुगा उघडेल याचा भरवसा नाही.

मग बिनहॉर्नची गाडी! आपल्या धाराशिवात! तुम्हाला माहितीय आपल्या शेळ्या. उस्मानाबादी शेळी म्हणजे देशभर नाव, पण रस्त्यात बसली की कलेक्टरच्या गाडीला उठत नाही. सांज्याच्या रस्त्यावर एक कळप बसलेला, मधोमध, रवंथ करत. हा हॉर्न दाबतो, आवाज नाही. पुन्हा दाबतो. मग काचेतून डोकं बाहेर काढून, “हुर्र! हट्! हट्!” मागून टमटमवाला हसतोय. शेजारी बसलेल्या लातूरच्या मावशींनी शेवटी आपली छत्री बाहेर काढून हलवली तेव्हा कुठं एक बोकड उठला. पंचवीस हजाराच्या स्टेअरिंगमागं बसून शेळ्या हाकल्या हो त्यानं! मावशींनी लातूरला जाऊन अख्ख्या वाड्याला सांगितलं. मला त्यांच्या शेजारणीचा फोन आला होता, खात्री करून घ्यायला.

तर काय सांगत होते... हां, मॅन्सेल. तुम्हाला मॅन्सेलचं माहितीय का? मलाही नव्हतं. पुतणीनंच सांगितलं, धाकट्याला धीर यावा म्हणून. हे पॅडलचं खूळ निघालं फेरारीच्या रेसच्या गाडीतून, 1989 मध्ये. जॉन बर्नार्ड म्हणून डिझायनर होता, त्याला ड्रायव्हरच्या मांडीजवळची ती गिअरची दांडी आणि तिच्या मागच्या सळ्या नकोच होत्या. जागा अडते, एक हात चाकावरून सुटतो. म्हणून त्यानं गिअर स्टेअरिंगच्या मागं आणले. सरावात गाडी सारखी बंद पडायची. पहिली शर्यत ब्राझीलला. त्या गाडीचा ड्रायव्हर मॅन्सेल, त्यानं म्हणे परतीचं विमान लवकरचंच काढून ठेवलं होतं, गाडी काही शेवटपर्यंत जात नाही म्हणून. आणि शर्यत चालू असताना काय झालं माहितीय? स्टेअरिंग सैल झालं! मग पिटमध्ये आणून चाकच काढलं आणि दुसरं चढवलं. आणि तो जिंकला.

गुरुजी मागून ऐकत होते. “त्यांच्याकडं फुगा नव्हता ना त्यात?” म्हणाले. नव्हता. “आणि हॉर्न?” तोही नव्हता. “मग काय,” म्हणाले, आणि पेपर उघडला.

पुढचं अजून आहे. जिंकून वर उभा राहिला, करंडक हातात घेतला, तर त्याची कड लागून हात कापला त्याचा. म्हणजे या पॅडलच्या नशिबातच पहिल्यापासून काहीतरी खोट आहे, असं आमच्या मालकांचं मत पडलं. मालकांना क्रिकेटशिवाय काही कळत नाही, म्हणून त्यांनी लगेच सचिनची फेरारी काढली. आठवते ना? 2002 मध्ये सचिननं ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटनं दिलेली 360 मोडेना, शूमाकरच्या हातून. त्या गाडीला पॅडलवाला गिअरबॉक्स मागून घेता यायचा बरं का. आणि मग ती आयात करताना कर माफ करायचा की नाही यावर केवढा गदारोळ! कोर्टापर्यंत गेलं. शेवटी 1 कोटी 13 लाखांचा कर फियाटनं भरला. पुढं 2011 मध्ये सचिननं ती सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकली. मालक म्हणाले, “बघ, फुकट मिळालेली गाडी पण फुकट पडत नाही.” आमच्या घरात गाडीच नाही, पण मतं बघा.

कट्ट्यावर तर वेगळंच पेटलं होतं. कोपऱ्यावरचे वकीलसाहेब आहेत ना, त्यांनी पोराला घाबरवून सोडलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीत बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. आणि त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला, एकेका बदलाला 5 हजार दंड, नाहीतर 6 महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. “एकेका बदलाला” म्हणताना वकीलसाहेबांनी दोन बोटं वर केली, दोन पट्ट्या म्हणून. दुसरे एक, ज्यांचा भाचा गाड्यांच्या धंद्यात आहे, ते म्हणाले, पोलीस धरतात ते बुलेटच्या फटफट्या सायलेन्सरला, स्टेअरिंगच्या मागं कोण बघतंय! विमावाले बघतात, वकीलसाहेब म्हणाले. गाडीत बदल केला आणि कळवलं नाही, तर क्लेमच्या वेळी ते बरोबर मागं बघतात. एवढ्यावर कट्टा शांत झाला. विम्याचं नाव काढलं की आपल्याकडं माणसं शांत होतातच, पीक विम्यानं सवय लावलीय.

मला मात्र त्या फुग्याचीच काळजी होती. 1 जुलै 2019 पासून सरकारनं ड्रायव्हरचा फुगा सक्तीचा केला, तो काय शोभेला? आणि आपण तो काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवायचा, परत घालायचा, वर दिवा पेटलेला, आणि त्या गाडीत आईला बसवून फिरायचं. मी आक्कांना सरळ सांगितलं, दिवा विझेपर्यंत पुढं बसायचं नाही. आक्का म्हणाल्या, “मी मागंच बसते गं, पुढं माझी मान आखडते.” ते एक बरं.

मग गेला धाकटा पुण्याला. गाडी तशीच घेऊन, बिनहॉर्नची, हळूहळू. चाकणला कामाला आहे, तिथं गाड्यांतलं कळणारी माणसं पैशाला पासरी. आणि ही पोलो पण चाकणचीच, तिथंच जन्मली, 2022 मध्ये बनायची बंद झाली. सुटे भाग अजून मिळतात एवढं नशीब. नवी क्लॉक स्प्रिंग घातली, कुणीतरी लॅपटॉप लावून कोडिंग केलं, दिवा विझला. त्याचे किती लागले ते बार्शीच्या जावयांना पण काढता आलं नाही अजून.

आणि आता ऐका, मुख्य गोष्ट इथं आहे. दिवाळीत आला परत. भाऊबीजेला बहिणीकडं बार्शीला निघाला. मला भगवंताच्या देवळात जायचं होतं, मी म्हटलं, येते. एसटीवाले काका पण आले, त्यांचं बार्शीत दातांचं काम होतं. काका पुढं, आक्का आणि मी मागं. येडशी सोडलं, रामलिंगचा घाट लागला. डोंगर अजून हिरवा होता, कठड्यावर माकडं ओळीनं बसलेली.

काका सुरुवातीपासून तोंड वाकडं करून बसलेले. “आमच्या वेळी गिअर टाकताना दोनदा क्लच दाबायचो, इंजिनाचा आवाज ऐकून. तुमचं हे खेळणं,” असं चाललेलं. पहिल्या मोठ्या वळणावर धाकट्याची फजिती झालीच. चाक अर्धं फिरलेलं, त्याबरोबर पट्ट्या पण फिरलेल्या, उजवी डावीकडं आलेली. खालचा गिअर हवा होता, ओढली वरची. गाडी मोकळी सुटल्यासारखी पुढं. आक्कांनी “आई येडेश्वरी!” केलं. काका म्हणाले, “वळणाच्या आधी टाक की बाबा, वळणात काय टाकतो!” फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांत म्हणे त्या पट्ट्या चाकाबरोबर फिरत नाहीत, जागच्या जागी असतात, म्हणून त्यांना चालतं. आपल्या बहुतेक गाड्यांत फिरतात.

पुढच्या वळणाआधी त्यानं डावी पट्टी दोनदा ओढली. इंजिन गुरगुरलं आणि गाडी आपोआप आवळली गेली, ब्रेकला पाय न लावता. काका ताठ बसले. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. समोर एक ट्रक उतरत होता, त्याच्या चाकांतून ब्रेक तापल्याचा वास येत होता, आणि आपली गाडी दुसऱ्या गिअरात शांतपणे खाली चाललेली. काकांनी वाकून त्या पट्टीकडं बघितलं. मग म्हणाले, “ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. ऑटोमॅटिकवाले सगळे ब्रेकवर उतरतात, म्हणून वास येतो.” थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “हे मात्र बरोबर आहे.”

अहो, त्या पोराचं तोंड! दसऱ्यापासून जे उतरलं होतं ते रामलिंगच्या घाटात वर आलं. आरशातून मला दिसत होतं सगळं.

बार्शीत पोचलो तर जावई दारात. काका गाडीतून उतरता उतरताच त्यांना म्हणाले, “जावईबापू, तुम्ही दर महिन्याला हा घाट उतरता ना? मग ती पट्टी वापरत का नाही? ब्रेक पॅड कधी बदलले?” जावई गप्प. लेक आतून म्हणाली, “दोनदा बदलले की!” पुन्हा गप्प. ओवाळणीच्या वेळेपर्यंत ते अंगणात ब्रेझात बसून डावी पट्टी ओढून बघत होते. गाडी बंद होती, हे त्यांना मीच सांगितलं.

तुमचा भाचा नवी गाडी बघतोय ना? त्याला सांगा, घाटातलं जाणं-येणं असलं तर कंपनीतूनच पॅडल असलेली ऑटोमॅटिक घे. ब्रेझात मिळतात, नेक्सॉनात मिळतात, एक्स्टरसारख्या लहान गाडीत पण मिळतात, फक्त कुठल्या मॉडेलला आहेत ते शोरूममध्ये स्वतः हात लावून बघ म्हणावं. आणि जुन्या गाडीला चाक बदलायचंच असलं, तर आधी कोडिंग होणार का ते विचारून मग पैसे दे, फुग्याला जाणत्याचाच हात लागू दे, विम्यावाल्याला कळव, आणि गल्लीतली बारकी पोरं तेवढा वेळ लांब ठेव. आता चला, आक्का उठल्या वाटतं. ते 25 हजाराचं मात्र माझ्याकडून कळलं म्हणू नका, त्यांना अजून वाटतं फक्त जावयांनाच माहितीय.